व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर : निवड आणि वापर

शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. तिच्यातून डिझेल मेकॅनिक घडविताना इंजिनाचे हेड खोलण्याचा पाठ अपरिहार्य ठरतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरची निवड हेडच्या रचनेवरून करावी, किमतीवरून नव्हे. उतरविलेल्या हेडसाठी सी आकाराचा क्लॅम्प पुरेसा होतो. त्याचे एक टोक व्हॉल्व्हच्या तबकडीवर, तर दुसरे स्प्रिंगच्या रिटेनरवर टेकते. मात्र कॅमशाफ्ट हेडवरच असलेल्या अनेक इंजिनांत स्प्रिंग खोल व अरुंद बोअरमध्ये असते. तेथे रुंद जबडा बोअरला ओरखडे पाडतो आणि पुढे टॅपेट अडकतो. म्हणून बारीक अडॅप्टर घ्यावा.

दाब देण्यापूर्वी रिटेनरवर सॉकेट ठेवून हलका ठोका द्यावा, म्हणजे चिकटलेले कॉटर मोकळे होतात. स्प्रिंग कॉटर निघण्यापुरतीच दाबावी. जोडणी करताना कॉटर ग्रीसने दांड्याच्या खाचेत धरून ठेवावेत व दाब सावकाश सोडावा. त्यानंतर दांड्याच्या टोकावर मऊ हातोडीने ठोकून ते नीट बसल्याची खात्री करावी. संरक्षक चष्मा या वेळी अनिवार्यच समजावा, कारण अर्धवट बसलेला कॉटर उडाल्यास डोळा जाऊ शकतो. तोच कॉटर चालत्या इंजिनात निसटला, तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडून पिस्टन फुटतो आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत उभा राहतो.