दातवण आणि दाढ

आमची खालची डावी दाढ आता नाही. ती कशी गेली ते आधी सांगतो.

नोकरीत असताना त्या दाढेवर काळा ठिपका पडला. गार पाणी लागले की कळ यायची. घरात लवंग होती. ती दाढेखाली धरली, कळ थांबली. आम्हांला वाटले, बरे झाले! असे सहा महिने लवंगेवर काढले. मग एका रात्री गाल सुजला, ताप भरला. दाढ काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ठिपका होता तेव्हाच आला असतात, तर दाढ भरून दिली असती."

लवंग खोटी नव्हे. तिच्या तेलाने जागा बधिर होते, दुखणे कळत नाही. पण आत कीड चालूच राहते.

ही कीड म्हणजे काय? कोणी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली अळी काढून दाखवतात. मंडळी, दातात अळी नसते. दातांवर चिकट थर बसतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गूळ, गोड चहा, बिस्किटे खातो. तेच गोड हे जंतूही खातात आणि त्याचे आम्ल करतात. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले तर डाग पडतो ना? तसेच आम्लाने दाताचे कवच झिजते. ते हाडाहून कठीण, तरी झिजते. मग खड्डा पडतो. पडलेला खड्डा कोणत्याही झाडपाल्याने भरत नाही.

म्हणून थर रोज काढायचा. त्यासाठी दातवण चांगले. कडुलिंब, बाभूळ, करंज, खैर, यांतले कोणतेही चालेल. कडुलिंबाच्या कडू आणि बाभळीच्या तुरट रसाने जंतूंना थोडा आळा बसतो. पण आमच्या मते निम्म्याहून जास्त काम काडीच्या कुंच्याचे. वाग्भटाने फार पूर्वी काडीचे माप सांगून ठेवले आहे : करंगळीच्या टोकाएवढी जाड, बारा अंगुळे लांब. काडी ओली, कोवळी घ्यावी. बाभळीचे काटे काढावेत. टोक चावून मऊ कुंचा करावा. पुढचे दात सगळेच घासतात, मागच्या दाढा राहतात! दाढा आतून, बाहेरून, वरून हलक्या हाताने घासाव्या. जोर केला तर हिरड्या सोलतात. रोज नवी काडी घ्यावी. कण्हेरीची काडी मात्र चुकूनही नको, ती विषारी आहे.

दातवणात एक उणीव आहे. फ्लोराइड असलेल्या पेस्टने दाताचे कवच बळकट होते. ते काम काडी करीत नाही. म्हणून आम्ही सकाळी दातवण करतो आणि रात्री निजताना पेस्ट लावतो.

आणि मिशेरी? ती भाजलेली तंबाखू. तिने कीड थांबत नाही, तोंडाचा कर्करोग मात्र होऊ शकतो. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने 1992 साली बंदी केली. घरी तव्यावर भाजणाऱ्या आयाबायांना कोण अडवणार?

मूल साधारण सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. दुधाचा एकही दात न पडता येते, म्हणून आया तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते, गेली की पुन्हा येत नाही. मुलाला उजेडात बसवून ही दाढ बघा. काळा ठिपका दिसला, तर दुखायची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या.