चालू खात्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी

पोरी, कुपवाडच्या एमआयडीसीत गाळा घेतलास, पुठ्ठ्याच्या खोक्यांचं मशीन बसलं, पहिली ऑर्डरही हातात आहे. आता चालू खातं उघडायला निघाली आहेस. त्याआधी मामाचं एवढं ऐक. बँकेत जाण्याअगोदर स्वतःचा सिबिल अहवाल स्वतः काढ आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच. बँक तो बघणारच आहे. तिच्या आधी तू बघितलेला असला पाहिजेस.

तू म्हणशील, मी कुठे कर्ज मागतेय? माझेच पैसे ठेवणार, त्याला बँक माझा कर्जाचा इतिहास कशाला तपासते? बँकेत खाती उघडण्याच्या टेबलावर बसत होतो तेव्हा हा प्रश्न मी सतत ऐकला, आणि तो रास्त आहे. बचत खात्याला हे सोपस्कार लागत नाहीत. तिथे ओळख आणि पत्ता पटला की काम होतं. चालू खात्याचं तसं नाही. त्यावर व्याज मिळत नाही, पण दिवसाला हवे तितके व्यवहार करता येतात, धंद्याच्या नावाने चेक फाडता येतात. त्यामुळे एका बँकेचं कर्ज दुसऱ्या बँकेतल्या चालू खात्यातून गुपचूप वळवायचं असेल, तर त्यासाठी यासारखी सोयीची वाट नाही.

हे कसं व्हायचं ते सांगतो. एखादा कारखानदार एका बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, घ्यायचा. माल आणि येणी बँकेकडे तारण. नियमाप्रमाणे विक्रीचे पैसे त्याच सीसी खात्यात जमा व्हायला हवेत, म्हणजे बँकेला धंदा कसा चाललाय ते दिसतं. हा गडी दुसऱ्या बँकेत साधं चालू खातं उघडून गिऱ्हाइकांचे चेक तिथे भरायचा. कर्ज देणाऱ्या बँकेला वाटायचं विक्रीच नाही, आणि इकडे पैसा जमिनीत नाहीतर दुसऱ्या धंद्यात गेलेला असायचा. म्हणून रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीपासून सांगून ठेवलं होतं की चालू खातं उघडताना गिऱ्हाइकाकडून इतर बँकांतल्या कर्जांचं लेखी निवेदन घ्या आणि कर्ज देणाऱ्या बँकेची हरकत आहे का ते विचारा. पुढे २०१४ पासून पाच कोटी आणि त्यावरच्या कर्जदारांची माहिती रिझर्व्ह बँकेच्या एका मध्यवर्ती नोंदीत यायला लागली, आणि बँकांना ती पडताळण्याची सोय झाली.

खरा चाप बसला ६ ऑगस्ट २०२० च्या परिपत्रकाने. ज्याचं सीसी किंवा ओव्हरड्राफ्ट आहे, त्याला कुठल्याही बँकेने वेगळं चालू खातं देऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. उद्देश चांगला, पण अंमलबजावणीत लहान माणसं भरडली गेली. २०२१ मध्ये कितीतरी छोट्या धंद्यांची जुनी खाती गोठली, पगार आणि वीजबिलं अडकली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. काहीही न वळवणाऱ्या माणसाला मोठ्या कर्जबुडव्यांसाठी केलेल्या नियमाचा फटका बसला. अखेर २९ ऑक्टोबर २०२१ ला सुधारणा आली आणि ज्यांचं सगळ्या बँकांतलं मिळून कर्ज पाच कोटींच्या आत आहे त्यांना मोकळीक मिळाली. मात्र कर्ज त्या मर्यादेला पोहोचलं तर कळवीन, असं तेव्हा लिहून द्यावं लागायचं. असे आकडे आणि नियम रिझर्व्ह बँक अधूनमधून बदलत असते, म्हणून अर्ज देशील त्या दिवशी कोणती मर्यादा लागू आहे ते शाखेत विचारून घे. तुझ्यासारखीला त्या मर्यादेची धास्ती नाही, पण शाखेने तसं लेखी वचन मागितलं तर तुलाही द्यावं लागेल. कर्ज किती आहे हे बँकेला तुझ्या शब्दावरून आणि सिबिलवरून, अशा दोन बाजूंनी जुळवून बघायचं असतं. या दोन्हींत तफावत आली की फाइल बाजूला पडते. स्कोअर कमी म्हणून चालू खातं नाकारलेलं मी क्वचितच पाहिलं. लिहिलेलं एक आणि सापडलेलं दुसरं, म्हणून अडलेली प्रकरणं मात्र पुष्कळ पाहिली.

आता अहवालाकडे ये. सगळे सिबिल म्हणतात, पण देशात अशा माहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल स्कोअरसकट फुकट द्यायचा, असा २०१७ पासून नियम आहे. त्यांच्या संकेतस्थळावर पैसे भरायची पानं आधी समोर येतात. फुकटची जागा शोधून तिथूनच काढ. ‘मोफत स्कोअर’ म्हणून मोबाइलवर येणाऱ्या भलत्या ॲपांना पॅन नंबर देऊ नकोस. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नकोस.

अहवाल आला की स्कोअरकडे नंतर बघ, आधी नाव बघ. हे मी तुला मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे लग्न झालेल्या बाईची कागदपत्रं इथेच अडतात. पॅनवर माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं. आधारवर सासरचं आडनाव, मधलं नाव नवऱ्याचं. बँकेच्या जुन्या बचत खात्यावर तिसरंच. माहिती कंपनी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि फोन जुळवून माणूस ओळखते. नाव जुळलं नाही की तुझं फेडलेलं कर्ज तुझ्या नावावर दिसत नाही, किंवा त्याच नावाच्या दुसऱ्या बाईचं थकलेलं कर्ज तुझ्या अहवालात येऊन बसतं. असं काही दिसलं तर अर्ज थांबव आणि कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाक, त्याला पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. म्हणून तक्रार क्रमांक जपून ठेव. उद्यम नोंदणी, जीएसटी आणि पॅन यांवरची नावं एकसारखी करून घेतलीस तर पुढची निम्मी धावपळ वाचेल.

मग जामीनकीचा रकाना. दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला तू जामीन राहिलीस, आठवतंय? ते कर्ज तुझ्याही अहवालात दिसतं. त्याचे हप्ते लांबले असतील तर बँकेच्या अधिकाऱ्याला ते तुझ्या नावासमोर दिसतील. घराच्या कर्जात नवऱ्याबरोबर सहकर्जदार म्हणून तुझी सही आहे, तेही पूर्णच्या पूर्ण तुझ्या नावावर दिसेल. याउलट नवऱ्याने एकट्याने घेतलेलं काही असेल, तर ते तुझ्या अहवालात येत नाही. धंदा तुझ्या एकटीच्या मालकीचा असल्यामुळे बँक तुझंच पॅन टाकून बघणार. भागीदारी असती तर सगळ्या भागीदारांचं बघितलं असतं. कंपनी असती तर कंपनीचा वेगळा अहवाल, संचालकांची नोंद आणि कंपनी निबंधकाकडे नोंदवलेले तारणाचे बोजे, असं सगळं पाहिलं असतं.

‘सेटल्ड’ म्हणजे तडजोडीने मिटवलेलं आणि ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, हे दोन शब्द दिसले तर दुर्लक्ष करू नकोस. क्रेडिट कार्डाचे चाळीस हजार थकले, वसुलीवाल्याने पंचवीसवर मिटवून दिले, माणूस निवांत झाला. पण अहवालात ते पूर्ण फेडलं असं येत नाही, तडजोड झाली असं येतं, आणि बँकवाल्याला तो फरक लगेच कळतो. उरलेले पैसे भरायची ऐपत असेल तर भर, नो ड्यूजचं पत्र घे आणि नोंद बदलायला लाव. नसेल तर अर्जाबरोबर स्वतःहून एक पत्र जोड आणि काय झालं ते चार ओळींत सरळ लिही.

तुझ्या नावावर कधीच कर्ज नसतं, तर स्कोअरच्या जागी नेहमीसारखा आकडा आला नसता. त्याने पुष्कळ बायका घाबरतात. इतिहास नाही याचा अर्थ वाईट इतिहास आहे असा होत नाही, आणि चालू खात्यासाठी त्यात काही अडत नाही. आणखी एक गैरसमज काढून टाक. चालू खातं नीट चालवलं की सिबिल सुधारतं, असं दुकानदार एकमेकांना सांगतात. ठेवी आणि खात्यातली शिल्लक सिबिलमध्ये येतच नाही. तिथे येतं ते कर्ज, कार्ड आणि ओव्हरड्राफ्ट.

यावरूनच पुढची गोष्ट. खातं उघडायला येणारा मुलगा टॅब घेऊन गाळ्यावर येईल, गोड बोलेल, ‘ताई, इथे इथे टिक करा’ म्हणेल. त्या खुणांत कधीकधी क्रेडिट कार्डाचा किंवा ओव्हरड्राफ्टचा अर्जही असतो. मग बँक तुझा अहवाल कर्जासाठी म्हणून मागवते आणि तशी नोंद पडते. अहवालाच्या शेवटी कोणत्या संस्थेने कधी, कशासाठी आणि किती रकमेसाठी चौकशी केली ते लिहिलेलं असतं. चार बँकांत एकाच आठवड्यात अशा चौकशा झाल्या तर ही बाई कर्जासाठी दारोदार फिरतेय असं वाटतं, आणि उद्या मशीनसाठी खरंच कर्ज मागायला जाशील तेव्हा ते आड येतं. म्हणून एक बँक ठरव आणि तिथेच अर्ज दे. तुला नको आहे तिथली खूण काढायला लाव. इतर बँकांतल्या कर्जांचा रकाना रिकामा सोडून सही मागितली तर देऊ नकोस. घराचं कर्ज, जामीनकी, कार्ड, सगळं स्वतःच्या हाताने भर. फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेव.

कागद फार लागत नाहीत. एकटीच्या मालकीच्या धंद्याला तुझी स्वतःची ओळख आणि शिवाय धंद्याच्या नावाचे दोन पुरावे हवेत. उद्यम, जीएसटी, शॉप ॲक्ट, धंद्याच्या नावाचं वीजबिल, यांतले कोणतेही दोन चालतात. दोन जमलेच नाहीत तर एकावर काम करायची मुभा बँकेला आहे, पण मग ती जागेवर येऊन खात्री करते. तशीही माणूस पाठवेलच. त्या दिवशी गाळ्यावर नावाची पाटी लावलेली असू दे आणि तू स्वतः हजर राहा. पूर्वी चालू खातं उघडायला दुसऱ्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागायची. त्या सहीपायी नवख्या माणसाला पेठेतल्या सावकारांच्या विनवण्या कराव्या लागत. ते बंद झालं ही फार चांगली गोष्ट झाली. आता ओळखीचं काम कागद करतो, म्हणून कागदाची किंमत कर.

खातं मिळाल्यावरचं एकच सांगतो. ते कुणालाही वापरायला देऊ नकोस, नात्यातल्याला तर नाहीच. ‘दोन दिवस माझे पैसे तुझ्या खात्यात येऊ दे, टक्का देतो’ म्हणणारा कुणीतरी भेटेल. सायबर फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो. पोलिसांनी खातं गोठवलं की धंदा त्याच दिवशी थांबतो आणि पुढे कुठलीही बँक दार उघडत नाही.

एवढं करूनही बँक नाही म्हणाली, तर तोंडी उत्तरावर परत येऊ नकोस. कारण लेखी माग, ई-मेलवर माग. खातं द्यायचं की नाही हा बँकेचा व्यापारी निर्णय असतो, तिथे फारशी जबरदस्ती चालत नाही. पण नकाराचं मूळ सिबिलमधल्या चुकीत असेल, तर ती चूक सुधारून घेणं तुझा हक्क आहे. माहिती कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही आणि फीही नाही.