टेम्पो इलेक्ट्रिक घ्यावा का? बुकिंगआधी आपला हिशेब मांडू

"डिझेल परवडत नाही, इलेक्ट्रिक टेम्पो घेऊ का? घरच्या गाडीसाठी हायब्रिड बरी का? आणि बोटीला मोटर बसेल का?" हे तीन प्रश्न आता प्रत्येक मच्छीमार घरात निघतात. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यायची, असं इथे चालत नाही. आपला माल नाशवंत. गाडी एक पहाट दगा देते तेव्हा पेट्रोलचे पैसे नाही, आख्ख्या रात्रीची मासळी जाते. म्हणून आजचा अभ्यास: गाडी कुठली चांगली हे नाही, आपल्या कामाला कुठली पुरते हे कसं ठरवायचं.

१. आधी तीन प्रकार नीट समजून घेऊ

इलेक्ट्रिक गाडीत फक्त बॅटरी आणि मोटर. चार्ज संपला की गाडी उभी.

हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनही असतं आणि छोटी बॅटरी-मोटरही. नेहमीच्या हायब्रिडला प्लग लावायचा नसतो. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत साठते आणि गाडी हलवताना वापरली जाते. म्हणून तिचा फायदा गर्दीत जास्त, मोकळ्या हायवेवर कमी.

हायब्रिडबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. आपल्याकडे हायब्रिड म्हणून मिळतात त्या प्रवासी गाड्या. क्रेट वाहायच्या छोट्या टेम्पोसाठी निवड आजही डिझेल, पेट्रोल, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक यातच आहे. त्यामुळे हायब्रिडचा विचार घरच्या कारपुरता ठेवा, धंद्याच्या गाडीत तो मिसळू नका.

२. कागदावरचे किलोमीटर आणि आपले किलोमीटर

इंदूरहून धारकडे निघालं की बेटमा लागतं. तिथून जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहन तपासणीची सरकारी संस्था आहे. तिथला ११.३ किमीचा वेगवान ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. देशभरातल्या कंपन्या तिथे गाड्या तपासायला आणतात. म्हणजे गाड्यांची परीक्षा बेटम्याच्या शेजारीच होते. पण ती परीक्षा आपल्या धंद्याची नाही.

जाहिरातीत लिहिलेली रेंज ठरावीक चाचणीत, ठरावीक वेगाने, यंत्राच्या रोलरवर गाडी चालवून काढतात. तिथे खड्डा नाही, चढ नाही, पहाटेची घाई नाही आणि मागे बर्फाने भरलेले क्रेट नाहीत. उदाहरण घ्या. टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा बॅटरी २१.३ युनिटची, प्रमाणित रेंज १५४ किमी आणि भार ६०० किलो होता. आपण हिशेबाला दोन तृतीयांश धरू, म्हणजे साधारण १०० किमी. बॅटरी जुनी होते तशी रेंज अजून उतरते, म्हणून रोजचं काम ८० किमीच्या आत बसत असेल तरच निर्धास्त राहा.

३. बेटमा-इंदूर फेरीचा हिशेब

समजा बेटम्याच्या बाजूच्या तळ्यावरून मासळी इंदूरच्या बाजारात न्यायची. अंतर सुमारे ३० किमी, जाऊन-येऊन ६०. महिन्याला २५ फेऱ्या धरल्या तर १,५०० किमी. आता भाव आपण धरून चालू, तुम्ही तुमचे घाला.

डिझेल टेम्पो: लिटरला १८ किमी, डिझेल ९० रुपये. किलोमीटरला ५ रुपये. महिन्याला ७,५०० रुपये.

इलेक्ट्रिक टेम्पो: १०० किमीला २१ युनिट, चार्जिंगमधली घट धरून २४ युनिट. युनिट १० रुपये. किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. महिन्याला ३,६०० रुपये.

बचत महिन्याला ३,९०० रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण थांबा, आपलं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंद. म्हणजे बचत दहा महिन्यांची, वर्षाला ३९,००० रुपये. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने.

आता दोन्ही टेम्पोंच्या किमतीतला फरक बघा. फरक दीड लाख असेल तर तो जवळजवळ चार वर्षांत वसूल होतो. फरक तीन लाख असेल तर पावणेआठ वर्षं लागतात. तेवढ्यात बॅटरीची वॉरंटी संपते का, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

आणि हीच गाडी दिवसाला २० किमीच धावत असेल तर? बचत तिसऱ्या हिश्शावर येते. गाडी जितकी जास्त धावते तितकी इलेक्ट्रिक परवडते, आणि फार लांब धावली तर पुरतच नाही. आपल्याला सापडायला हवा तो मधला पट्टा. सातपाटीहून पालघर स्टेशन हे त्या पट्ट्यात बसतं, कारण अंतर थोडं आणि फेऱ्या अनेक. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून मुंबई बसत नाही. तीनशेच्या वर किलोमीटर, घाट आणि वेळेवर बाजार गाठायची सक्ती. तिथे डिझेलच.

४. बर्फ, खारं पाणी आणि भार

६०० किलो भार म्हणजे ६०० किलो मासळी नव्हे. उन्हाळ्यात मासळीएवढाच बर्फ लागतो. क्रेटचं वजन वेगळं. म्हणजे विकायचा माल अडीचशे किलोच्या आसपास. तुमचा माल पाचशे किलो असेल तर दोन फेऱ्या, आणि दोन फेऱ्या म्हणजे किलोमीटर दुप्पट. वरचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

दुसरं, गळणारं पाणी. विक्रेता सांगेल, "बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्यात बुडाली तरी चालते." ही चाचणी गोड्या पाण्यात, एक मीटर खोलीपर्यंत, अर्धा तास घेतात. रोज ठिबकणारं खारं पाणी आणि प्रेशर पंपाचा मारा यांची ती चाचणी नाही. म्हणून हौद्यात खालून ट्रे बसवा, पाण्याला एका बाजूने नळी काढा, आणि धुताना पंपाचा फवारा बॅटरी व जोडण्यांवर मारू नका. वॉरंटीच्या कागदात खाऱ्या पाण्याने गंजण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या.

५. वीज कुठून, किती वाजता

घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवरून अशी बॅटरी भरायला सात तासांच्या आसपास लागतात. बोट संध्याकाळी आली, माल रात्री दोनला निघायचा, तर मधे सात तास मिळतात का? गाडी दारात लागते की गल्लीच्या टोकाला? वायर रस्त्यावरून ओढत असाल तर ते रोजचं संकट आहे. अर्थिंग पक्कं हवं आणि ओल्या हाताने प्लग नको, घरातल्या पोरांनाही हे बजावा.

बर्फ कारखान्याच्या किंवा तळ्याच्या सवलतीच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायची असेल तर आधी वीज कंपनीला लेखी विचारा. वापर बदलला की दंड होऊ शकतो.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणून आपला सल्ला: घरातल्या किंवा संस्थेतल्या सगळ्या गाड्या एकदम इलेक्ट्रिक करू नका. एक तरी इंधनावरची ठेवा.

बंदीच्या काळात गाडी उभी राहते तेव्हा बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली सोडू नये. निम्म्याच्या आसपास ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी बघत राहा.

६. बुकिंग आणि वाट बघणं

गाडी पसंत पडली तरी ती लगेच मिळेलच असं नाही. टोयोटाने इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडच्या वरच्या मॉडेलचं बुकिंग एप्रिल २०२३ मध्ये बंद केलं होतं, कारण भागांचा पुरवठा कमी पडत होता. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरच्या चुंबकात लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि आपल्याकडच्या इलेक्ट्रिक दुचाकींच्या उत्पादनाला फटका बसला. म्हणजे खाण तिकडे अडली की आपला टेम्पो इकडे अडतो.

सरकारी मदतही थांबून राहत नाही. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकीला पहिल्या वर्षी बॅटरीच्या युनिटमागे ५,००० रुपये मिळत होते, दुसऱ्या वर्षी २,५०० झाले. हायब्रिड कारला या योजनेत मदत नाही. बुकिंगच्या दिवशी सांगितलेली किंमत गाडी येईपर्यंत टिकेलच असं समजू नका. महाराष्ट्रातल्या बांधवांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी सुरू झाली, पण ती कार आणि बससाठी. मालवाहू टेम्पो त्यात धरू नका.

बुकिंग करताना एवढं करा:

– गाडी देण्याची तारीख आणि उशीर झाल्यास पैसे परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्या.
– किंमत बुकिंगच्या दिवसाची की डिलिव्हरीच्या दिवसाची, हे लेखी घ्या.
– गाडी हातात येण्याआधी कर्जाचा हप्ता सुरू होऊ देऊ नका.
– नवी गाडी दारात येईपर्यंत जुनी विकू नका.
– हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर बुकिंग नको. बंदी लागण्याआधी करा, म्हणजे उशीर झाला तरी तो रिकाम्या दिवसांत जातो.
– जवळचा मेकॅनिक किती लांब आहे ते बघा. इलेक्ट्रिक टेम्पो कोपऱ्यावरच्या गॅरेजात दुरुस्त होत नाही.

७. आणि बोट?

केरळात वैकमजवळ 'आदित्य' ही सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून ७५ प्रवासी घेऊन चालते. कोचीची वॉटर मेट्रो २५ एप्रिल २०२३ ला सुरू झाली, तिच्या बोटी बॅटरीवर चालतात आणि सोबत जनरेटरही असतो. पण त्या बोटींचा मार्ग ठरलेला आहे, पाणी शांत आहे आणि धक्क्यावर चार्जर आहे.

आपल्या ट्रॉलरचा हिशेब बघा. दिवसाला १०० लिटर डिझेल जाळणारी बोट घेऊ. लिटरमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते, त्यातली तिसरा हिस्सा ताकद शाफ्टला मिळते. म्हणजे सुमारे ३३० युनिट. तेवढं काम बॅटरीने करायचं तर अंदाजे ३७० युनिटची बॅटरी हवी, आणि तिचं वजन अडीच टनांच्या घरात. हे एका दिवसाचं. तेवढ्याच कामाचं डिझेल भरतं जेमतेम ८४ किलो. पाच दिवसांच्या फेरीला बारा टन बॅटरी घेऊन नाखवा मासळी ठेवणार कुठे? शिवाय महाराष्ट्रात बोटीच्या डिझेलवर संस्थेमार्फत कराचा परतावा मिळतो, तोही तुलनेत धरायला हवा.

धरणावरच्या छोट्या बोटीचं गणित वेगळं आहे. दहा एचपीची मोटर पूर्ण जोरात दोन तास चालवायला १७ युनिटच्या आसपास बॅटरी लागते, वजन शंभर-सव्वाशे किलो. जाळी टाकून तासाभरात काठावर परत येणाऱ्याला हे जमू शकतं. म्हणून बोटीत सुरुवात झालीच तर ती धरणावर होईल, खोल दर्यात नाही.

८. आता तुमची पाळी

पुढचे चौदा दिवस एका वहीत रोज चार आकडे लिहा: किती किलोमीटर, बर्फासकट किती वजन, किती रुपयांचं इंधन, आणि गाडी सलग किती तास उभी. चौदा दिवसांतला सरासरी दिवस नको, सगळ्यात लांबचा दिवस बघा. तो ८० किमीच्या आत असेल, गाडी सात तास प्लगजवळ उभी राहत असेल आणि किमतीतला फरक वॉरंटीच्या आत वसूल होत असेल, तर इलेक्ट्रिक टेम्पो जरूर घ्या. तिन्हींपैकी एकही जमत नसेल तर जुना टेम्पो नीट दुरुस्त करून अजून दोन हंगाम चालवणं यात कमीपणा काही नाही.

घरच्या बाईमाणसांनाही या हिशेबाला बसवा. बाजारात मासळी तीच विकते, आणि माल उशिरा पोचला तर गिऱ्हाईक तिच्या टोपलीपुढून निघून जातं. वही घेऊन संस्थेत या, आकडे एकत्र बसून तपासू.