मध्यरात्रीचा घास

गाणगापुरास भीमा-अमरजा संगमाच्या क्षेत्री माध्यान्ही माधुकरी मागण्याची प्रथा आहे. श्रीमंतही तेथे झोळी घेऊन उभा राहतो. परंतु विद्यार्थिमित्रांनो, मोठ्या शहरात मध्यरात्री कामावरून सुटणाऱ्या मजुराने अन्न कोठे शोधावे? त्याच्यासाठी स्वस्त उपाहारगृह काढावयाचे, तर चिनी ‘जिआओझी’ हा पदार्थ विचारात घेण्याजोगा आहे.

जिआओझी म्हणजे जणू आपल्या मोदकाचा तिखटमिठाचा भाऊ. कणकेच्या पातळ पारीत भाजीचे अथवा मांसाचे सारण भरून तो पाण्यात किंवा वाफेवर शिजवितात. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात चिनी वंशाची कुटुंबे असे पदार्थ भल्या पहाटे विकीत आली आहेत.

ह्याच्या स्वस्ताईचे कारण साधे आहे. महाग सारण थोडे लागते. एकावर एक चाळण्या रचल्या, की एकाच वाफेवर अनेक नग शिजतात व इंधन वाचते. सायंकाळी भरून थंड ठेवले, तर रात्री एकदोन माणसांत काम भागते.

मात्र शिळे सारण खपवून अथवा नोकराची झोप हिरावून साधलेली स्वस्ताई खरी नव्हे. तिचे मोल दुसरा कोणी मोजीत असतो. दुकान मांडण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.