घरच्या घरी अक्षरओळख : आधी कान, मग डोळा, मग हात

शिक्षणाचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने पटवून देण्याची गरज नाही. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना घरीच शिकविले आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते आणि घरी मुलांच्या अभ्यासाकडे ते स्वतः लक्ष देत. म्हणजे शाळेच्या आधी घर आहे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. तरीही मुलाला बालवाडीत घातले की आपले काम संपले, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. प्रस्तुत लेखात तीन ते सहा वर्षांच्या मुलामुलींना अक्षरे व त्यांचे ध्वनी घरी कसे शिकवावेत, याचा विचार केला आहे. मी शिक्षक नाही. बँकेत कारकून आहे. परंतु या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे.

माझी मुलगी चार वर्षांची असताना भिंतीवरच्या तक्त्यावरून 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत धडाधड म्हणून दाखवीत असे. पाहुणे कौतुक करीत, मीही खूश होतो. एक दिवस पाटीवर 'मन' हा शब्द लिहून तिला वाचायला सांगितले. ती म्हणाली, "मगर, नळ." मी चिडलो, आवाज चढवला. ती रडू लागली. जवळ माझी आई बसली होती. ती म्हणाली, "तिला कशाला रागावतोस? माझी सही तरी दुसरं काय आहे?"

माझ्या आईने साक्षरता वर्गात सही शिकून घेतली. पण ती सही लिहीत नाही, काढते. रांगोळी काढावी तशी. त्यातले एकही अक्षर तिला सुटे ओळखता येत नव्हते. बँकेत माझ्या खिडकीशी अशा कितीतरी आया-मावश्या येतात. सही बिनचूक करतात आणि मग स्लिप पुढे करून विचारतात, "भाऊ, यात किती लिहिलंय?" ज्याला वाचता येत नाही त्याने सही केलेला कागद म्हणजे दुसऱ्याच्या हाती दिलेली किल्ली होय. तक्ता पाठ झाला म्हणजे मुलाला अक्षर आले असे नाही, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या मुलीला 'म' चे चित्र माहीत होते, ध्वनी माहीत नव्हता.

१) आधी कान

अक्षर ही ध्वनीची खूण आहे. म्हणून खूण दाखवण्यापूर्वी ध्वनी कानाला ओळखीचा झाला पाहिजे. यासाठी पाटी, पुस्तक काही लागत नाही. तांदूळ निवडताना आईने विचारावे, "क ने सुरू होणारं घरात काय काय आहे?" कप, कढई, कपाट, कांदा. मग तीन शब्द सांगावेत : मका, मडके, बशी. यातला वेगळा कोणता? शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवाव्यात : बा-ज-री, तीन टाळ्या, भा-त, दोन टाळ्या. वाटी, पाटी, दाटी अशी यमके जुळवावीत. हे खेळ ज्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही अशा आजी-आजोबांनाही घेता येतात. 'आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?' असे कोणीही म्हणू नये.

एक अडचण लक्षात ठेवावी. 'ण' आणि 'ळ' यांनी सुरू होणारे नेहमीचे शब्द मराठीत नाहीत. तेथे पहिला ध्वनी न विचारता शेवटचा विचारावा : बाण, फळ.

२) मग डोळा : थोडी अक्षरे, पण शब्द होतील अशी

वर्णमालेचा क्रम फार शास्त्रीय आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूपाशी, ट-वर्ग मूर्ध्यावर, त-वर्ग दातांपाशी आणि प-वर्ग ओठांवर, अशी त्याची रचना आहे. परंतु तो क्रम उच्चारांच्या स्थानांचा आहे; वाचायला शिकण्यासाठी तोच क्रम धरला पाहिजे असे नाही. 'क ख ग घ ङ' ही पाच अक्षरे आली तरी मुलाला वाचण्याजोगे शब्द फारसे मिळत नाहीत.

त्याऐवजी क, न, म, र ही चार अक्षरे आणि एक काना घ्या. त्यातून नाक, कान, मान, काम, मका, रान, मार, राम, काका, मामा, नाना, कमान असे डझनभर शब्द तयार होतात. यांतले बहुतेक शब्द मुलाच्या अंगावर किंवा घरात आहेत. पहिल्याच आठवड्यात मुलाने 'नाक' वाचले आणि स्वतःच्या नाकाला बोट लावले की त्याला वाचनाचे मर्म कळले असे समजावे. यानंतर मुलाच्या स्वतःच्या नावातील अक्षरे घ्यावीत. त्यांची गोडी वेगळीच असते.

तक्ता वापरायचा तर चित्र हाताने झाकून अक्षर ओळखायला सांगावे. दिसायला सारखी अक्षरे एकाच दिवशी देऊ नयेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांतले एक पक्के झाल्यावरच दुसरे द्यावे. 'ख' हा 'रव' असा वाचला जातो, तेव्हा हसू नये. चूक मुलाची नाही, आकाराची आहे.

३) जोडून वाचणे

आपल्या लिपीची मोठी सोय अशी की, अक्षराचे नाव तोच त्याचा ध्वनी. परंतु प्रत्येक व्यंजनात 'अ' मिसळलेला असतो आणि बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बहुधा गाळतो. मूल क, म, ल असे सुटे वाचते आणि त्याला 'कमळ', 'कमल' काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी अक्षरांखालून बोट सावकाश सरकवावे, मग जरा भरभर सरकवावे आणि विचारावे, "आता कोणता शब्द ऐकू आला?" उत्तर लगेच सांगू नये. थांबावे.

४) काना, मात्रा, वेलांटी

बाराखडी तालावर पाठ करण्यास हरकत नाही, पण ती समजेल तेव्हाच उपयोगी पडते. एका वेळी एकच चिन्ह घ्यावे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर अक्षरे लिहावीत, काना-मात्रेच्या वेगळ्या पट्ट्या कराव्यात आणि मुलाला त्या लावू-काढू द्याव्यात. 'क' ला काना लावला की 'का', काढला की पुन्हा 'क'. पहिल्या वेलांटीत मुले हमखास अडतात, कारण 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि तिचा ध्वनी मात्र नंतर येतो. हे स्पष्ट सांगावे. बॅट आणि बॉल हे शब्द मुलांच्या तोंडी असतातच. शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत आले आहेत, तेव्हा तेही योग्य वेळी शिकवावेत.

च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. 'चार' मधला च वेगळा, 'चाक' मधला वेगळा. 'जीभ' मधला ज वेगळा, 'जाळे' मधला वेगळा. अक्षर एकच असल्याने मूल गोंधळले तर दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून दाखवावेत.

५) घरची बोली

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या अनेक घरांत 'पाणी' ला 'पानी' म्हणतात, 'शाळा' ला 'साळा' म्हणतात. विदर्भात काही घरी डोळ्याला 'डोया' म्हणतात. मूल घरी ऐकलेला ध्वनी आणि पुस्तकातले अक्षर यांची सांगड घालू पाहते आणि अडखळते. तेव्हा 'नीट बोल, अडाण्यासारखे बोलू नको' असे म्हणणे म्हणजे त्याच्या आजीचा अपमान करणे होय. एकदा लाजलेले मूल मोठ्याने वाचायला धजत नाही. त्याऐवजी सांगावे, "आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात. दोन्ही आपलीच." मुलाला दोन्ही उच्चार शेजारी-शेजारी ऐकवावेत. हळूहळू ते दोन्ही सांभाळते.

ज्यांची मुले इंग्रजी शाळेत आहेत त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, इंग्रजीत अक्षराचे नाव आणि ध्वनी निराळे असतात. 'सी' हे नाव, पण कॅटमध्ये तो 'क' आणि सिटीमध्ये 'स'. म्हणून ए, बी, सी पाठ झाल्याने वाचन येत नाही. तेथेही आधी ध्वनीच शिकवावा. मराठीत ध्वनी आणि अक्षर यांचे नाते एकदा उमगले की ती समज इंग्रजीतही कामी येते.

६) शेवटी हात

लिहिण्याची घाई करू नये. बोटांत बळ येण्यासाठी कणीक मळणे, शेंगा सोलणे, मणी ओवणे ही कामे उत्तम. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये परिसरातल्या साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. ताटात रवा किंवा बारीक माती पसरून बोटाने मोठे अक्षर गिरवावे, मग पाटी, मग वही. लिहिताना ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरे एकत्र घेता येतात, मात्र ती आधी वाचता येत असावीत. पाच-सहा वर्षांचे मूल एखादे अक्षर उलटे काढते, त्याची काळजी नसावी. दुसरी संपत आली तरी अक्षरे ओळखता येत नसतील, तर मारझोड न करता आधी कान व डोळे तपासून घ्यावेत आणि जाणकारांचा सल्ला घ्यावा.

रोज पंधरा मिनिटे पुरेत. पण ती रोज हवीत, आणि मूल कंटाळण्यापूर्वी संपायला हवीत. त्या वेळात टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवावा. बसची पाटी, दुकानाचा फलक, वर्तमानपत्राचा मथळा, साखरेचा आणि मिठाचा डबा, हे सर्व आपले पुस्तकच आहे.

मी मुलीची शिकवणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे कानापासून सुरू केली. खेळ घ्यायला आई बसत असे. नात पुठ्ठ्याचे तुकडे मांडी आणि आजी तिला विचारी, "हे कोणतं गं?" आधी मला वाटले, आई तिची परीक्षा घेते आहे. पुढे एक दिवस आईचे पासबुक मी टेबलावर ठेवले, तर तिने स्वतःच्या नावाखाली बोट धरले, एका अक्षरापाशी थांबली आणि म्हणाली, "हा न आहे. नाकातला." इतकी वर्षे ती ते अक्षर काढत आली होती, वाचले मात्र त्या दिवशी.

आपल्या घरात असे एखादे मूल आणि अशी एखादी आजी असेल, तर आज संध्याकाळीच दोघींना शेजारी बसवावे, एवढीच विनंती.