ब्लॉकमधले व्यवहार वाचायला किती पैसे पडतात?

बिटकॉइनच्या एखाद्या ब्लॉकमधले व्यवहार पायथनने वाचायला बहुतेकांना एक रुपयाही पडत नाही. साखळी सर्वांना खुली आहे. शुल्क लागतं ते नवा व्यवहार नोंदवताना. वाचायला वॉलेट लागत नाही, खासगी की तर मुळीच नाही. ‘डेटा काढून देतो, की पाठवा’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

कॉलेजच्या प्रोजेक्टला मेमपूल डॉट स्पेस किंवा ब्लॉकस्ट्रीमची खुली एपीआय पुरते. ब्लॉकचा क्रमांक दिला की हॅश मिळतो, हॅश दिला की व्यवहार. मेख अशी, की एका रिक्वेस्टला २५च व्यवहार येतात. ३,००० व्यवहारांच्या ब्लॉकला १२० रिक्वेस्ट होतात, आणि त्या भराभर पाठवल्या की सर्व्हर अडवतो. इथेच लोक घाईने पैसे भरून प्लॅन घेतात. त्याआधी दोन रिक्वेस्टच्या मध्ये थोडं थांबणारा कोड लिहा, किंवा अख्खा ब्लॉक रॉ स्वरूपात मागा. तो एकाच रिक्वेस्टमध्ये येतो आणि सहसा दोनेक एमबीचा असतो. मात्र पैसे कुठल्या जुन्या व्यवहारातून आले एवढंच त्यात कळतं. त्यांची रक्कम कळत नाही. ती हवी असेल तर २५-२५चाच रस्ता धरा.

हजारो ब्लॉक चाळायचे असतील तर स्वतःचा नोड हवा. बिटकॉइन कोअर मोफत आहे, खर्च यंत्राचा. साखळी ६०० जीबीच्या पुढे गेली आहे, म्हणून २ टीबीची एसएसडी घ्या आणि तिच्यासाठी दहा हजारांच्या वरच रक्कम धरा. ३० वॅटचं यंत्र दिवसरात्र चाललं तर महिन्याला साधारण २२ युनिट वीज, म्हणजे १० रुपये दराने २२० रुपये. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर ६०० जीबी उतरायला ३०० दिवस लागतील. फायबर जोडणी नसेल तर या वाटेला जाऊ नका. जागा वाचवणारा प्रून्ड नोडही नको, तो जुने ब्लॉक टाकून देतो. व्यवहारांची वेगळी अनुक्रमणिका, म्हणजे टीएक्सइंडेक्स, मात्र टाळता येते: ब्लॉकचा हॅश माहीत असला की तिची गरज नाही.

कोड तपासायला शून्य क्रमांकाचा ब्लॉक उत्तम. ३ जानेवारी २००९ च्या या ब्लॉकमध्ये ५० बिटकॉइनचा एकच व्यवहार आहे. बिटकॉइन कोअरच्या ‘गेटब्लॉक’ला व्हर्बोसिटी २ दिली की तो उलगडून दिसतो, ‘गेटरॉट्रान्झॅक्शन’ मात्र तो द्यायला नकार देतं. चूक तुमच्या कोडची नाही, त्या व्यवहाराला तिथे वेगळं मानलं आहे.

इथेरियमवर पूर्ण ब्लॉक एकाच कॉलमध्ये मिळतो. तिथे कुणी आर्काइव्ह नोडचा महाग प्लॅन गळ्यात मारत असेल तर स्पष्ट नाही म्हणा: तो जुन्या तारखेच्या शिलकी पाहायला लागतो, ब्लॉकमधले व्यवहार वाचायला नाही. प्लॅन घ्यायचाच झाला तर डॉलरमधल्या बिलावर कार्ड कंपनीचा मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी आधी विचारून घ्या.