नव्या पाळकास पत्र: दीर्घ आजारातील सभासद

चि. आनंद यास,


मंडळीची मदत बहुधा बऱ्या होणाऱ्या आजाराच्या बेताने आखलेली असते. सभासद दवाखान्यात दाखल झाला की पाळक जातो, वडीलजन प्रार्थना करतात, चार घरांतून डबा येतो. पंधरवड्यात हे ओसरते. मधुमेह, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा विकार मात्र वर्षानुवर्षे चालतो. म्हणून पहिल्या आठवड्यात गर्दी कमी झाली तरी चालेल. सहाव्या महिन्यात कोण जाणार, हे आधी ठरलेले असावे. मराठी मंडळीला ही सेवा परकी नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन इस्पितळ उभारले, आणि पुढे वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही झाले.

मूत्रपिंडाच्या विकारात डायलिसिस लागले, तर ते बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास घ्यावे लागते. सरकारी योजनेतून उपचाराचा खर्च निघाला, तरी सोबत जाणाऱ्याची रोजी बुडते ती बुडतेच. तरुण संघाने सोबतीच्या पाळ्या लावल्या तर ते घर सावरते. भेटीला जाताना शहाळे आणि केळी नेण्याची आपल्याकडे रीत आहे. पण या रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम साचते, आणि तीच फळे जिवावर बेतू शकतात. पाणीसुद्धा मोजून प्यायचे असते, म्हणून चहाचा आग्रह नको. काय चालते ते घरच्यांना विचारूनच न्यावे.

प्रार्थना करावीच. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, असे याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय सांगतो. पण गुण आला नाही म्हणजे विश्वास कमी पडला, असे कोणी सुचवणे हा क्रूरपणा आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल आपल्या शरीरातल्या काट्याविषयी लिहितो. त्याने तीनदा विनंती केली, तरी काटा गेला नाही. त्याच्या विश्वासाला मात्र कोणी बोल लावत नाही. प्रार्थनेसाठी आजाराचे नाव जाहीर करण्याआधी रुग्णाची परवानगी घ्यावी. एचआयव्ही किंवा मानसिक आजारात तर नक्कीच.

प्रभुभोजन घरी नेणे सोपे आहे. अवघड आहे ते रुग्णाला कामात ठेवणे: शब्बाथशाळेच्या धड्यांची तयारी, हिशेब, एकाकी वृद्धांना फोन ही कामे अंथरुणावरूनही होतात. सांभाळणारी पत्नी किंवा सून बहुधा उपासनेला येईनाशी होते. महिला मंडळातल्या कोणीतरी महिन्यातून एक रविवार रुग्णाजवळ बसावे, म्हणजे तिला येता येईल.

तुझा,
काका